मोठ्या अक्षरांचा प्रिंटर

माझ्या वडिलांच्या डोळ्यांचा पडदा खराब होतोय हे आम्हाला कळलं तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. रेवस रस्त्यावरच्या आमच्या गावात आम्ही दोघंच राहतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी लग्न केलं नाही. अलिबागला एका सरकारी कचेरीत मी लिपिक आहे.

तपासणीसाठी आम्ही रेवसहून लाँचने मुंबईला गेलो. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलत होते. दोन्ही डोळ्यांची मधली नजर जात चालली आहे, म्हणाले, कडेने दिसत राहील. इंजेक्शनं सुरू करू, पण गेलेलं परत येणार नाही.

वडिलांनी एकच विचारलं, "वाचता येईल ना?"

"मोठ्या अक्षरात वाचा. जितके दिवस दिसतंय तितके दिवस."

परतीच्या लाँचमध्ये ते माझ्या शेजारी बाकावर बसले होते. रेवसला उतरताना लाकडी फळीवर पाय ठेवला आणि म्हणाले, "जितके दिवस म्हणजे किती, ते विचारायला हवं होतं."

वाचन ही त्यांच्यासाठी वेळ घालवायची गोष्ट नव्हती. माझे आजोबा मिठागरावर मजूर होते. त्यांना अक्षर येत नव्हतं. छप्पन्न सालानंतर आमच्या वाडीने धम्म स्वीकारला आणि आजोबांनी मुलाला शाळेत घातलं. वडील चौथीत गेले तेव्हा अख्ख्या वाडीत नीट वाचणारे ते एकटेच. मुंबईला गिरणीत गेलेल्यांची पत्रं, कोर्टाचे कागद, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सगळं त्यांच्याकडे यायचं. नऊ-दहा वर्षांचा मुलगा ओट्यावर उभा राहून वाचायचा आणि मोठी माणसं खाली बसून ऐकायची. पुढे चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवलं. सकाळचा पेपर हातात आला नाही तर त्यांना चहा जात नसे.

आधी भिंग आणलं. ते धरून हात थरथरायचा आणि ओळ निसटायची. मग झेरॉक्सच्या दुकानातून पेपरची पानं मोठी करून आणली, पण पेपरचा मूळ कागदच राखाडी, त्यात अक्षरं धुरकट व्हायची. टॅबलेटवर वाचायला दिलं तर उजेडाने डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी मी पेपरच्या वेबसाइटवरचा मजकूर उचलला, अक्षरं मोठी केली आणि म्हटलं, कचेरीतून छापून आणते.

"सरकारी कागद घरात आणायचा नाही," ते म्हणाले. "शाईही नाही."

म्हणून घरी प्रिंटर आला. अलिबागच्या दुकानात सगळ्यात स्वस्त होता तो. मी फक्त यंत्राची किंमत बघितली. त्याला पुढे काय लागेल याचा विचारच केला नाही.

पहिले दिवस चांगले गेले. चोवीस पॉइंटच्या आकारात अग्रलेख छापला की तो चार-पाच पानं व्हायचा. वडील खिडकीजवळच्या टेबलाशी बसून वाचायचे, हातात लाल पेन. शुद्धलेखनाची चूक दिसली की गोल करायचे. संध्याकाळी मी आले की कागद पुढे सरकवायचे.

"हे बघ. 'परिस्थिती'च्या शेवटी दुसरी वेलांटी हवी, इथे पहिली. आणि हे लोक देशाला शहाणपण शिकवतात."

दोन आठवडे झाले नाहीत तोवर अक्षरं फिकी यायला लागली. दुकानात गेले तर नव्या काळ्या कार्ट्रिजची किंमत ऐकून मी दोनदा विचारलं. बोटभर डबी, आणि दर दोन आठवड्यांनी नवी लागणार. दुकानदाराने समजावून सांगितलं की डब्यावर जितकी पानं लिहिलेली असतात ती साध्या पत्रासारखी, विरळ मजकुराची पानं. "तुमचं अक्षर मोठं, मॅडम. जाड अक्षर म्हणजे सगळी शाईच."

मग मी शाईची बाटली आणि सुई आणली. इंजेक्शनने डबीत शाई भरायची, तसं लोक करतात. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा डबी गळली आणि पानभर डाग पडले. वडिलांनी कागद डोळ्यांच्या बाजूला, कानाजवळ नेल्यासारखा धरला. मधलं दिसत नसल्यामुळे ते आता मान वळवून, पाखरासारखं तिरकं बघायचे.

"हे अक्षर फुगलंय," ते म्हणाले. "ढ आहे का द आहे?"

तो द होता. मी सांगितलं नाही, तेही पुन्हा विचारायला आले नाहीत.

तोवर आकार छत्तीस झाला होता, मग अठ्ठेचाळीस. याच सुमारास त्यांनी मागणं कमी केलं. "आज अग्रलेख नको, जिल्ह्याच्या बातम्या दे." दुसऱ्या आठवड्यात, "नुसते मथळे दे, मथळ्यांवरून कळतं सगळं." मला वाटलं, डोळे थकत असतील. एका रविवारी शेजारच्या काकू भाजी घेऊन आल्या. त्यांचा होमस्टे आहे, शनिवार-रविवार मुंबईचे पाहुणे असतात. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, मास्तर मला इचारत होते, शाई किती म्हाग हाय म्हणून. मला काय ठाव? तू फोनवर बोललेलं त्यांनी आयकलंन वाटतं."

ते माझी शाई वाचवत होते.

त्या रात्री मी ठरवलं, शाई स्वस्त पडेल असा प्रिंटर घ्यायचा. आणि इथेच मी ती गोष्ट केली जिचा मला अजून पश्चात्ताप होतो. मी नीट चौकशी करायला बसले. एकदा फसले होते, पुन्हा फसायचं नव्हतं. कचेरीत चार जणांना विचारलं. फोनवर लोकांनी लिहिलेलं वाचलं. एक म्हणे लेझर घ्या, त्यात पावडर असते, ती सुकत नाही. दुसरा म्हणे टाकीवाला घ्या, बाटली ओतायची आणि विसरायचं. कुणी म्हणे टाकीवाला खाऱ्या हवेत टिकत नाही. मी दोन रकान्यांचा कागद केला आणि त्यात लिहीत राहिले.

दुकानदाराकडे तीनदा गेले. तिसऱ्या वेळी त्याने मला खुर्ची दिली.

"मॅडम, एकदा सांगा. छापणार काय नक्की?"

"अक्षरं."

"किती मोठी?"

मी बोटांनी दाखवलं. त्याला वाटलं दुकानाची पाटी करायची आहे. मग मी वडिलांचं सांगितलं. त्याने हातातलं माहितीपत्रक बाजूला ठेवलं.

"घरी इन्व्हर्टर कुठला आहे? छोटा ना? मग लेझर सोडा. चालू होताना एकदम करंट खेचतो, तुमच्याकडे लाइट पण सारखी जाते. आणि एवढी काळी पानं म्हणजे पावडरपण भरपूर जाणार. टाकीवालाच घ्या. काळी शाई वेगळ्या बाटलीत येते, पाण्याने पसरत नाही. एक बाटली तुम्हाला महिनोन्महिने जाईल. यंत्राला आत्ता जास्त पैसे पडतील, नंतर शाईचं टेन्शन नाही."

"किती जास्त?"

त्याने आकडा सांगितला. पहिल्या यंत्राच्या तिपटीहून वर होता. मी म्हटलं, दिवाळीची उचल मिळाली की येते.

उचल मिळायला पाच आठवडे होते. कुणाकडून हातउसने घेऊन आणता आलं असतं. बँकेतून काढता आलं असतं. पण मला वाटलं, पाच आठवड्यांनी काय बिघडणार आहे.

यंत्र घरी आलं त्या दिवशी मी चार बाटल्या ओतल्या, वायर जोडली आणि अठ्ठेचाळीसच्या आकारात एक पान छापलं. अक्षर इतकं काळं, इतकं रेखीव आलं की मलाच बरं वाटलं. वडिलांनी कागद घेतला, मान वळवली, कागद वर नेला, खाली नेला.

"काळं आहे," ते म्हणाले.

"काय लिहिलंय?"

ते बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अजून थोडं मोठं करता येईल का?"

मी बहात्तर केला. मग त्यांना वाचता आलं. मथळा वाचला, मग पहिली ओळ, मग दुसरी. अडखळत, पण मोठ्याने. त्या सकाळी मी एकच लेख चाळीस पानांवर छापला आणि त्यांनी दुपारच्या जेवणापर्यंत तो वाचला. टेबलावर, पलंगावर, खिडकीत सगळीकडे कागद. काकू डोकावल्या.

"मास्तर, कसली परीक्षा हाय तुमची?"

"रोज हाय," वडील त्यांच्याच भाषेत म्हणाले आणि हसले. ते हसणं मला स्पष्ट आठवतं, कारण त्यानंतर तसं मी पाहिलं नाही.

आमची एक पद्धत बसली. प्रिंटर त्यांच्या खोलीत होता. मी सकाळी स्वयंपाकघरातून भाकऱ्या थापता थापता फोनवरून छापायला सोडायची. ते यंत्राशेजारी खुर्ची घेऊन बसायचे आणि एकेक पान बाहेर येईल तसं हातात घ्यायचे. सगळी आली की कडा जुळवून चिमटा लावायचे. मी पावणेनऊची मिनीडोर रिक्षा पकडायची. संध्याकाळी आले की विचारायची, काय म्हणतो अग्रलेख. ते सांगायचे. महागाईबद्दल लिहिलंय, किंवा नेहमीचंच आहे, किंवा बरा लिहिलाय आज.

लाल गोल कमी होत गेले. मला आधी वाटलं, मजकूर सुधारला असेल. मग एक दिवस कागद उचलले तर गोल शब्दाभोवती नव्हते. दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत होते, एक तर समासात होता. मी कागद होते तसे ठेवले. दुसऱ्या दिवशी आकार एकशे दहा केला. एका पानावर सहा-सात शब्द मावायचे. मी त्यांना काही विचारलं नाही, त्यांनीही मला काही सांगितलं नाही. शाई भरपूर होती.

मग मला मतदार याद्यांच्या कामासाठी आठ दिवस महाडला जावं लागलं. जेवणाचं काकूंवर सोपवलं. जाण्याआधी आठ दिवसांसाठी एक जाडजूड कथा छापून ठेवली. परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं छापायला सोडलं. खोलीतून यंत्राची घरघर ऐकू येत होती. मी ओरडून सांगितलं, "बाबा, डबा स्वयंपाकघरात आहे," आणि निघाले.

संध्याकाळी आले तेव्हा ते ओट्यावर बसले होते.

"कसा होता अग्रलेख?"

"चार चुका होत्या," ते म्हणाले. "आणि विषय काय, मांडणी काय. हल्ली कुणालाही लिहायला बसवतात. खुणा केल्यात बघ."

मी आत गेले. टेबलावर चिमटा लावलेला गठ्ठा होता. वरचं पान कोरं होतं. मला वाटलं उलटं ठेवलंय. उलटवलं, तर मागेही कोरं. दुसरं कोरं, तिसरं कोरं. ऐंशी पानं होती आणि एकावरही अक्षर नव्हतं. आठ दिवस बंद राहिल्यामुळे काळ्या शाईचं तोंड सुकलं होतं आणि कागद तसेच पांढरे बाहेर आले होते. त्या पांढऱ्या कागदांवर चार ठिकाणी लाल गोल होते. एका गोलाशेजारी त्यांच्या मास्तरी अक्षरात, जरा तिरकं, 'ऱ्हस्व' लिहिलेलं होतं.

मी पलंगावर बसले. बाहेरून ते म्हणाले, "चहा टाकतेस ना?" मी म्हटलं, टाकते.

त्या दिवशी मी बोलले नाही. यंत्राची सफाई चालू केली, तीनदा केल्यावर काळं परत उमटायला लागलं. ते कोरे कागद मी पुन्हा ट्रेमध्ये घालू शकले नाही. लाल खुणा असलेली पानं कपाटात साड्यांखाली ठेवली. नंतर दहा-बारा दिवस मी रोज छापत राहिले आणि ते रोज पानं जुळवून चिमटा लावत राहिले. आम्ही अग्रलेखाबद्दल बोलत राहिलो.

हे असंच चालू ठेवता आलं असतं. पण इंजेक्शनासाठी मुंबईला जायची पुढची तारीख आली आणि त्यांनी नकार दिला.

"इंजेक्शन नको आता. लाँच नको, टॅक्सी नको, तुझी रजा नको. मला दिसतंय तेवढं पुरे आहे."

"डॉक्टरांना ठरवू दे."

"कशाला? रोज वाचतोय ना मी?"

मी समजावलं. ते ऐकेनात. मी आवाज चढवला, त्यांनी मान फिरवली. शाळेत मुलांनी हट्ट केला की ते असेच मान फिरवून बसायचे. एक इंजेक्शन चुकलं तर उरलेलंही जाईल, ही भीती मला होती. आणि खरं सांगायचं तर थकवाही होता, रागही होता. मी म्हटलं, "तुम्ही वाचत नाही, बाबा. मी महाडहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी कागद कोरे होते."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "कोरे म्हणजे?"

"शाई आली नव्हती."

"सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर."

त्यांनी टेबलावर हात फिरवून लाल पेन शोधलं. त्याचं टोपण नीट लावलं आणि पेन ड्रॉवरमध्ये ठेवलं. ड्रॉवर लावायला त्यांना दोन वेळा ढकलावं लागलं.

"मी खुणा केल्या होत्या त्या दिवशी," ते म्हणाले.

"हो."

"तू एवढं मोठं मशीन आणलंस. मला वाटलं, निदान तुला तरी बरं वाटावं."

तेव्हा मी त्यांच्याजवळ जायला हवं होतं. मी गेले नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागले, ती आधीच घासलेली होती.

ते मुंबईला आले. लाँचमध्ये, टॅक्सीत, रांगेत, सगळीकडे मी म्हणेन तसं केलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की आता इंजेक्शनाचा उपयोग नाही, उगाच त्रास देऊ नका. ज्यासाठी मी ते वाक्य बोलले होते, ते कारणच उरलं नव्हतं. त्या दिवशी मी गप्प राहिले असते तरी डोळ्यांचं तेच झालं असतं. फक्त वडिलांना ते कोरे कागद कळले नसते.

त्यानंतर त्यांनी सकाळी यंत्राशेजारी खुर्ची नेली नाही. मी दोन दिवस छापलं, पानं ट्रेमध्येच पडून राहिली. मग मी म्हटलं, मी वाचून दाखवते. रोज अर्धा तास, कचेरीत जायच्या आधी.

"नको, बाय," ते म्हणाले. मी लहान असताना ते मला बाय म्हणायचे, मोठी झाल्यावर सुटलं होतं. "मी लोकांना वाचून दाखवायचो. ऐकणाऱ्याचं तोंड कसं होतं ते मी बघितलंय. आपल्याच घरचं पत्र, आणि दुसऱ्याच्या पोराच्या तोंडाकडे बघत बसायचं. माझा बापसुद्धा तसाच बसायचा. मला नाही बसायचं तसं."

फोनवर वाचून दाखवणारा आवाज असतो, तो लावून बघितला. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि बंद करायला सांगितलं. काठीने चालायला शिकवणारी माणसं अलिबागला येतात, त्यांच्याकडे नेलं. ते तिथे नम्रपणे बसले, सगळ्यांना नमस्कार केला आणि पुन्हा तिकडे जायला तयार झाले नाहीत. त्यांना रस्ता नको होता. अलिबागपर्यंतचा रस्ता त्यांना पाठच आहे.

प्रिंटर अखेर मी काकूंना दिला. त्यांना पाहुण्यांसाठी जेवणाची यादी छापायची असते, फॉर्म छापायचे असतात. त्या म्हणाल्या, "पैशे घे गं." मी घेतले नाहीत. काळ्या शाईची टाकी अजून निम्मी भरलेली होती. दुकानदार म्हणाला होता त्यात काही खोटं नव्हतं. यंत्र चांगलं होतं, शाई स्वस्त पडली, माझी निवड चुकली नव्हती. ते पाच आठवडे आधी आलं असतं तर त्यांना अजून पाच आठवडे वाचता आलं असतं, एवढंच. त्याच्याही आधी, चौकशीच्या दिवसांत, मी रोज संध्याकाळी दोन रकान्यांच्या कागदाशी बसायची आणि ते पलीकडे बसून मथळे वाचायचे.

आता ते सकाळी लवकर अंघोळ करतात, बुद्धवंदना म्हणतात, ओट्यावर येऊन बसतात. वंदना त्यांना पाठ आहे. जेवतात, झोपतात. आजारी नाहीत. कोण आलं ते पावलांवरून ओळखतात, पण स्वतःहून बोलत नाहीत. पूर्वीचे विद्यार्थी येतात, पाया पडतात, आणि दहा मिनिटांनी काय बोलावं ते त्यांना कळत नाही.

पेपर मी बंद केलेला नाही. रविवारी मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून तो वाचते, मनातल्या मनात. गेल्या रविवारी वाचत असताना ते म्हणाले, "पान उलटलंस?"

"हो."

"काय आहे?"

मी सांगायला तोंड उघडलं. मथळा पाण्याच्या योजनेचा होता, आपल्याच तालुक्यातला. मी पहिला शब्द उच्चारला असेल-नसेल, त्यांनी हात वर केला.

"राहू दे," ते म्हणाले, आणि तोंड रस्त्याकडे वळवलं.